आरओ नंतर बघू, आधी व्हॉल्व्हचं चेंबर उघडा

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातलं तुमचं गाव, ३०० च्या आसपास घरं. जलजीवन योजनेतून घरोघरी नळ आला, शौचालयं त्याआधीच झाली. तरी मिरगाचा पाऊस लागला की पंधरा-वीस दिवसांत गावात जुलाब-उलट्या सुरू होतात, पोरांना सलाईन लावायची वेळ येते. तरुण मंडळानं ३ लाख रुपये जमवलेत, त्यातून आरओचा प्लांट बसवायचा आहे. ५ रुपयांचं नाणं टाकलं की २० लिटर. तर मशीन कुठल्या कंपनीचं घ्यावं?

कंपनीचं नाव मी सांगत नाही, कारण तुमचा आजार आणि हे औषध जुळत नाही. बेळगाव, खानापूर, चिकोडी, अथणी या भागात पाणीपुरवठ्याच्या कामात मला २२ वर्षं झाली. आधी फिटरच्या हाताखाली, मग सुपरवायझर म्हणून. तुमच्यासारखीच वर्गणी काढून बसवलेले आणि आज कुलूप लागलेले प्लांट मी पाहिलेत. एकाच्या खोलीत आता गणपतीच्या मंडपाचे बांबू असतात.

पाणी खराब म्हणजे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. एक क्षारांची खराबी, दुसरी जंतूंची. अथणी-रायबागकडच्या काळ्या रानात बोअरचं पाणी जड लागतं, डाळ शिजत नाही, घागरीला पांढरा थर बसतो. तिथं टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, जास्त, कुठं नायट्रेट जास्त. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ते पाणी उकळलं तरी नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून अजून दाट होतं. असल्या ठिकाणी आरओला अर्थ आहे. तुमच्या पट्ट्यात तांबडी माती आणि जांभा, वर घाटाचा पाऊस. इथल्या आडाचं पाणी माझ्या मीटरवर बहुतेक वेळा २०० टीडीएसच्या आतच येतं, आणि भारतीय मानकात ५०० पर्यंतचं पाणी बिनघोर चालतं. जे पाणी मुळातच हलकं आहे त्यातले क्षार काढायला तुम्ही ३ लाख घालणार, वर निम्म्याच्या आसपास पाणी गटारीत सोडणार.

आरओच्या पडद्यातून जंतूही जात नाहीत, हे खरं. पण त्या पाण्यात क्लोरीन राहत नाही. शेवाळ धरलेल्या कॅनमध्ये ते भरलं, घरी पिंपात ओतलं, त्यात पेला धरून हात बुडवला की जंतू परत आलेच. शिवाय पोर तहान लागल्यावर नाणं शोधत नाही, अंगणातल्या नळाला तोंड लावतं. आणि पावसाळ्यात वीज चार-चार तास जाते तेव्हा प्लांट बंद. म्हणजे ज्या दिवसांत गरज, नेमक्या त्याच दिवसांत खंड.

तुमचं गाव मी पाहिलेलं नाही. त्यामुळे पुढचं बरंचसं यावर अवलंबून आहे की योजनेचं पाणी नदीच्या जॅकवेलमधून, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीतून येतं, बोअरमधून की सार्वजनिक विहिरीतून. गाव उतारावर आहे की सपाट. आणि आडाचं पाणी लोक अजून पितात का. पण आजार पावसाबरोबर येतो आणि पावसाबरोबर जातो, म्हणजे जंतू. क्षार बारमाही असतात. आणि घरोघरी नळ असूनही येतो, म्हणजे एकतर नळाच्या वाटेत घाण मिसळते, नाहीतर आडात. माझा अनुभव सांगतो की दोन्हीकडे.

आधी नळाची वाट. खानापूर रस्त्यावरच्याच एका गावात असंच जुलाबाचं निमित्त होऊन मी गेलो होतो. टाकीवर गेलो, पाणी स्वच्छ. क्लोरीन तपासलं, भरपूर. सगळे म्हणाले, बघा, आमचं पाणी चांगलंच आहे. मग वॉटरमनला म्हटलं, खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह कुठं आहे? त्यानं सिमेंटची फरशी पहारीनं उचलली. आत चेंबर तांबड्या पाण्यानं काठोकाठ भरलेलं, वर कुणाच्या तरी न्हाणीघरातला साबणाचा फेस. सकाळचं पाणी चालू होतं, आणि त्या गढूळ पाण्याखालून बारीक धार उसळत होती, म्हणजे जोड गळत होता. जोडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. मी म्हटलं, आता वरचा व्हॉल्व्ह बंद कर आणि इथंच उभा राहा. तो बंद करून आला. पाच-सात मिनिटांत धार थांबली. आणि मग चेंबरमधलं पाणी हळूहळू खाली जायला लागलं. कुणी उपसत नव्हतं, जमीन आधीच पावसानं तुडुंब, तिच्यात मुरायला जागा नव्हती. त्याच गळत्या जोडातून पाणी पाईपमध्ये ओढलं जात होतं. वॉटरमन त्याच्याकडे बघतच राहिला. पंधरा वर्षं तो तोच व्हॉल्व्ह फिरवत होता, पण बंद केल्यावर तिथं थांबायचं कारण त्याला कधी पडलं नव्हतं.

कारण साधं आहे. पाणी चालू असतं तेव्हा पाईपमध्ये दाब असतो, गळती बाहेर जाते. बंद झालं की सखल घरांकडे उरलेलं पाणी उतरतं, मागं पोकळी होते आणि तीच भेग आता आत ओढते. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली दहा मिनिटं जे पाणी येतं ते हेच. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गीत काही भागांना चोवीस तास पाणी द्यायचा प्रयोग झाला, तेव्हा हुबळी-धारवाडमध्ये संशोधकांनी ठरावीक वेळी येणारे नळ आणि अखंड येणारे नळ यांचं पाणी तपासलं. ठरावीक वेळेच्या नळांत विष्ठेतले जंतू कितीतरी जास्त सापडले. बहुतेक खेड्यांत चोवीस तास पाणी आज शक्य नाही हे मलाही कळतं. पण गळती कुठं आहे ते शोधता येतं.

आपल्याकडे त्यात दोन गोष्टी भर घालतात. एक, घरजोडणीची पाईप गटारीतून नेलेली असते. खोदाई वाचते म्हणून कंत्राटदार तसं करतो, आणि घरमालकाला दारात नळ आल्याच्या आनंदात ते दिसत नाही. दुसरी, नळाला थेट लावलेली मोटर. वरच्या गल्लीतल्या चार घरांनी मोटर लावली की पाणी चालू असतानाही पाईपमध्ये पोकळी होते, म्हणजे घाण ओढायला पुरवठा बंद व्हायचीसुद्धा वाट बघावी लागत नाही. तिसरीही एक आहे, पण ती फक्त यात्रा झालेल्या गावांत: लक्ष्मी यात्रेच्या आधी गल्ल्यांचं काँक्रीट होतं आणि चेंबरं त्याखाली गाडली जातात. एका गावात व्हॉल्व्ह शोधायला आम्हाला जुन्या वॉटरमनच्या म्हाताऱ्या आईला बोलवावं लागलं. तिनं पायानं जागा दाखवली, तीही बरोबर.

आता आड. तुमच्याकडे परसात आड आणि परसातच शौचालय. स्वच्छ भारतचे १२,००० रुपये आले, बांधकाम झालं, पण खड्डा कसा? योजनेत दोन खड्डे सांगितले होते, साधारण मीटरभर रुंद आणि मीटर-सव्वा मीटर खोल. आपल्या लोकांना ते खेळण्यातलं वाटलं. त्यांनी सिमेंटच्या रिंगा एकावर एक टाकून १२-१५ फुटांचा एकच खड्डा घेतला, "२० वर्षं भरायचा नाही" म्हणून. भरत नाही हे खरं. कारण खालून वाहून जातो. जांभ्यात भोकं आणि भेगा असतात, पाणी गाळून घ्यायची त्याची ताकद कमी. त्यात जुलैमध्ये तुमच्या आडाचं पाणी किती वर येतं आठवा. कणकुंबी-जांबोटीकडे तर ओणवं होऊन तांब्यानं घेता येतं. ज्या पातळीला आडातलं पाणी, त्याच पातळीला शेजारच्या खड्ड्यातलं. उन्हाळ्यात आड आणि खड्डा यांच्यामध्ये कोरडी माती असते, ती जंतू अडवते. पावसाळ्यात ती राहतच नाही, दोन्ही एकाच तळ्यात उभे असतात.

म्हणून खड्डा उथळ हवा. वरच्या मातीत हवा असते, जीवाणू असतात, तिथं मैला कुजतो. दोन खड्डे यासाठी की एक भरला की मैला दुसरीकडे वळवायचा आणि पहिला किमान दीड-दोन वर्षं बंद ठेवायचा. मग आत कोरडं, बिनवासाचं खत मिळतं आणि ते काढायला कुणाला घाणीत उतरावं लागत नाही. पाच-सहा माणसांच्या घराला एक खड्डा तीनेक वर्षं पुरतो. इथं माझीच एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एका वाडीत मी ४० शौचालयांवर देखरेख केली. दोन-दोन खड्डे व्यवस्थित झाले, पण मैला दोन खड्ड्यांकडे फुटतो त्या मधल्या वाय-चेंबरमध्ये एक तोंड विटेनं बंद करायचं असतं, ते मी गवंड्याला सांगितलं आणि घरच्या बाईला सांगितलं नाही. गवंडी विसरला. दोन्ही खड्डे एकाच वेळी भरले, एकाच पावसाळ्यात, ४० पैकी निम्म्याहून जास्त घरांत. लोक परत रानात जायला लागले आणि मला त्या वाडीत चहा मिळेनासा झाला. तेव्हापासून मी चेंबरचं झाकण घरच्या बाईलाच उघडायला लावतो आणि वीट तिच्याच हातानं ठेवून घेतो.

अंतराचा नेम असा की खड्डा आणि आड यांच्यात निदान १० मीटर पाहिजे. जांभ्यात मी स्वतः ५० फुटांचा आग्रह धरतो, आणि खड्डा आडाच्या उताराखाली. जागाच नसेल तर खड्ड्याचा तळ पक्का करून चारी बाजूंनी दीड फूट बारीक वाळूचा थर द्यायचा, आणि पाणी फार वर येत असेल तर खड्डा जमिनीवर उचलून भोवती मातीचा भराव घालायचा. शौचालय दोन पायऱ्या उंच होतं, म्हाताऱ्यांना त्रास होतो, हे कबूल. आणि जिथं आड व खड्डा वीस फुटांवर आहेत, दोन्ही बांधून झालेत, तिथं मी लोकांना स्पष्ट सांगतो: पावसाळ्याचे चार महिने आड भांड्या-धुण्याला, जनावरांना, झाडांना. पिण्याला नाही. आजोबांनी खणलेला आड पिण्यातून काढायचा म्हटलं की माणसं दुखावतात. वाद घालू नका, तपासणी दाखवा.

तपासणीची सोय गावातच आहे. जलजीवनमध्ये प्रत्येक गावात पाच बायकांना तपासणी-किट वापरायचं शिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्याकडे कुणाला दिलंय ते पंचायतीत विचारा, बहुधा आशाताई किंवा स्त्रीशक्ती संघातली, म्हणजे बायकांच्या बचत गटातली कुणी असेल. त्यात जंतूंसाठी छोट्या बाटल्या येतात. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, घरात ठेवायचं. २४ ते ४८ तासांत पाणी काळं झालं तर त्यात विष्ठेचा अंश आहे असं धरायचं. ही ढोबळ चाचणी आहे, नेमकं बघायला नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो. पण काळी पडलेली बाटली देवळाच्या कट्ट्यावर ठेवली की जे काम होतं ते लॅबच्या कन्नड-इंग्रजी कागदानं होत नाही. चार नमुने घ्या: टाकी, पहिल्या गल्लीचा नळ, शेवटच्या गल्लीचा नळ सकाळच्या पहिल्या पाच मिनिटांतला, आणि शौचालयाला सर्वांत जवळ असलेला आड. टाकी स्वच्छ आणि शेवटचा नळ काळा, तर चेंबरं शोधा. टाकीच काळी, तर मूळ स्रोत किंवा पावडर.

पावडर म्हणजे ब्लीचिंग. चांगल्या पावडरीचं प्रमाण १,००० लिटरला अडीच ग्रॅम. तुमची टाकी ५०,००० लिटरची असेल तर सव्वाशे ग्रॅम. विहिरीचा हिशेब असा: ३ मीटर व्यासाची विहीर, ४ मीटर पाणी, म्हणजे साधारण २८,००० लिटर, म्हणून ७० ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते. पावडर सुकी टाकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली पाऊण भरून ढवळायची, दहा मिनिटं थांबायचं, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं आणि खालचा चुना फेकायचा. मग निदान अर्धा तास, विहीर असेल तर तासभर, पाणी सोडायचं नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर चिकोडी-निपाणीकडे विहिरींवर हेच करत फिरलो. प्रमाण चुकलेलं फार कमी दिसलं, पावडर मेलेली मात्र जागोजाग दिसली. पंचायतीच्या कोपऱ्यात पोतं तोंड उघडं टाकून असतं, ओल लागते, गड्डे होतात. त्यातलं क्लोरीन केव्हाच उडालेलं असतं. वॉटरमन इमानेइतबारे रोज चुना टाकतो आणि वहीत नोंद करतो. वही कन्नडमध्ये, मराठी गल्ली ती बघत नाही. बघा. आणि पोत्यापेक्षा छोटी बंद पाकिटं किंवा झाकणाचा प्लास्टिकचा डबा मागा.

काम झालं की नाही हे पावडर किती टाकली त्यावरून ठरत नाही, शेवटच्या घरात काय उरलं त्यावरून ठरतं. किटमधलं औषध नळीतल्या पाण्यात टाकलं की रंग येतो, काही किटमध्ये पिवळा, काहींत गुलाबी. शेवटच्या नळाला लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं पाहिजे. साथ चालू असेल तर मी ०.५ धरतो. वासाची तक्रार येते. "पाण्याला दवाखान्याचा वास येतोय" म्हणतात. अर्धा तास उघड्या भांड्यात ठेवलं की जातो.

आता तुमचे ३ लाख. पाईपलाईनच्या कामाला शक्यतो ते लावूच नका, ते पंचायतीकडून करून घ्या. १५ व्या वित्त आयोगाच्या अनुदानातला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिलेला होता, निम्मा निम्मा. तुमच्या पंचायतीला त्यातलं किती आलं, कशावर गेलं आणि किती शिल्लक आहे, हे ग्रामसभेत विचारायचा तुम्हाला हक्क आहे. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या. यावर आपल्याकडे लगेच आवाज चढतात, मला माहीत आहे, पण भाषेचा झगडा वेगळ्या दिवशी, वेगळ्या टेबलावर. पीडीओला, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याला, वाचता येईल असा अर्ज, खाली दोन्ही भाषकांच्या सह्या, आणि मागणी नेमकी: अमुक गल्लीतली अमुक चेंबरं वर उचलून बांधा, गटारीतल्या इतक्या जोडण्या बाहेर काढा. "शुद्ध पाणी मिळावे" असा अर्ज फाईलला लागतो आणि तिथंच राहतो.

मंडळाच्या पैशातून मी तीन गोष्टी करेन. ज्या घरांचा खड्डा आडाला चिकटून आहे त्यातल्या गरीब घरांना खड्डा हलवायला मदत. प्रत्येक घराला तोटीचं झाकणबंद पिंप, म्हणजे हात बुडणार नाही. आणि अंगणवाडी व शाळेत साबणासकट हात धुवायची जागा, जिथं पोरांची तोटी पोरांच्या उंचीला असेल. उरले तर ठेवा, पुढच्या मेमध्ये परत चेंबरं उघडायची आहेत. तोपर्यंत, हाच पावसाळा निभवायला, पहिली दहा मिनिटं पाणी सोडून द्या आणि पिण्याचं खळखळून उकळा. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे, अर्धा तास गॅस जाळू नका. जुलाब लागलेल्या पोराला ओआरएस द्यायला लगेच सुरू करा, सलाईनची वाट बघू नका. पोर मलूल पडलं, डोळे खोल गेले किंवा पाणीही पोटात ठरेना तर मात्र थेट दवाखाना.

राहिल्या मोटरी. हे काम सगळ्यात अवघड, कारण इथं पाईप नाही, माणसं सोडवायची असतात. नोटीस लावून मोटरी निघालेल्या मी पाहिल्या नाहीत. एका गावात निघाल्या. तिथं पंच कमिटीनं आधी वरच्या आणि खालच्या गल्लीच्या वेळा वेगळ्या केल्या, म्हणजे मोटर नसली तरी घागर भरते हे आठ दिवस सगळ्यांना दिसलं. नवव्या दिवशी पंच निघाले. पहिली मोटर काढली ती कमिटीच्या अध्यक्षांच्या घरची; त्यांच्या सूनबाई दारात उभ्या राहून पुटपुटत होत्या, आणि वॉटरमन पाना हातात घेऊन अध्यक्षांच्या तोंडाकडे बघत होता. ते म्हणाले, "बघतोस काय, काढ." संध्याकाळपर्यंत सतरा निघाल्या. दोन राहिल्या, त्या अजून आहेत.